बहात्तर तासांचे तळघर

२०२४ साली माझ्या मुलाच्या नावाने फिनलंडच्या संरक्षण दलाचे पत्र घरी आले. मुलगा ज्या वर्षी अठराचा होतो त्या वर्षी या देशाचा नागरिक असलेल्या मुलग्याला असे पत्र येते, आणि आम्ही नागरिकत्व घेतले तेव्हापासून ते येणार हे मला माहीत होते. तरीही त्याचे नाव छापलेला तो कागद हातात घेतल्यावर मी बराच वेळ स्वयंपाकघरात उभी राहिले. संध्याकाळी कराडला आईला फोन केला आणि बोलता बोलता सांगून टाकले. आई क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "लढाई लागलीय का तिकडं?"

"नाही गं आई."

"मग पोराच्या नावचा कागद कशाला आला?"

आमच्या सातारा जिल्ह्याला सैन्य नवे नाही. अपशिंग्यासारख्या गावात घरटी एक तरी माणूस फौजेत असतो, आणि पहाटे अंधारात रस्त्याने धावणारी पोरे दिसली की ती भरतीच्या तयारीला लागली आहेत हे कोणालाही सांगावे लागत नाही. पण तिथे मुलगा आपण होऊन भरतीला जातो. सरकार घरी पत्र पाठवून त्याला बोलावत नाही. शिवाय आईच्या मनातला फिनलंड हा मी तिला पहिल्यांदा वर्णन करून सांगितलेला फिनलंड होता: कोणाच्या अध्यात ना मध्यात असलेला, बर्फातला, शांत आणि तटस्थ देश. त्या वर्णनात चूक माझी होती. ती चूक मला कशी उमगत गेली हे फोनवर दोन मिनिटांत सांगता येण्यासारखे नव्हते, म्हणून ते इथे लिहिते आहे.

हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पो शहरात आम्ही घर घेतले तेव्हा इमारतीचे तळघर दाखवताना सोसायटीच्या माणसाने एक जाडजूड पोलादी दार ढकलून उघडले होते. आत लोकांच्या सायकली, बर्फावर घसरायच्या स्की, जुन्या बाबागाड्या आणि उन्हाळी टायर अशी अडगळ होती. हा बंकर आहे, असे तो इतक्या सहजपणे म्हणाला की जणू पाण्याची टाकी दाखवत होता. वेळ आली तर हे सगळे सामान बहात्तर तासांत बाहेर काढून जागा वापरण्याजोगी करावी लागते, तसा कायदा आहे, हेही त्याने सांगितले. ती दुसऱ्या महायुद्धाची शिल्लक राहिलेली खूण असावी असे मी समजले. पुढे कळले की ठरावीक आकाराहून मोठी इमारत बांधायची तर असा बंकर आजही बांधावाच लागतो. देशभरात असे पन्नास हजारांहून अधिक बंकर आहेत आणि त्यांत अठ्ठेचाळीस लाख माणसे मावतात. देशाची लोकसंख्या छप्पन्न लाख आहे. हेलसिंकीच्या इटाकेस्कुस भागात ज्या भूमिगत तलावावर मी मुलाला पोहायला शिकवायला नेत असे, तो तलाव हासुद्धा खडकात कोरलेला बंकरच आहे.

तटस्थ देशाला एवढ्या तळघरांची गरज काय, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. तो पडला नाही, कारण तटस्थता म्हणजे काय याची माझी कल्पना नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून आलेली होती. आम्ही शाळेत अलिप्ततावाद शिकलो तो एक अभिमानाची गोष्ट म्हणून: नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाने दोन्ही महासत्तांना सांगितले की आमचे निर्णय आम्ही घेऊ. त्यात एक नैतिक तेज होते आणि ते मला अजूनही खोटे वाटत नाही. मात्र भारत हा खंडाएवढा देश आहे, आणि त्यालाही १९७१ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाशी मैत्रीचा करार करावासा वाटला. फिनलंडची तटस्थता या तेजातून जन्मलेली नव्हती. ती पराभवातून जन्मली होती, आणि हे मला पुस्तकांनी नव्हे तर आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आजींनी शिकवले.

या आजी मूळच्या व्हीपुरीजवळच्या एका खेड्यातल्या. व्हीपुरी हे तेव्हाच्या फिनलंडमधले एक मोठे, गजबजलेले शहर. आज ते व्हीबोर्ग या नावाने रशियात आहे. ३० नोव्हेंबर १९३९ रोजी सोव्हिएत फौजांनी हल्ला केला तेव्हा त्या पाच वर्षांच्या होत्या. एकशे पाच दिवस चाललेल्या त्या हिवाळी युद्धात फिनलंडने जगाला थक्क करील असा प्रतिकार केला, जगभरातून कौतुक मिळवले, आणि मदतीला मात्र पुरेसे कोणीच आले नाही. शेजारच्या स्वीडनमधून स्वयंसेवक, शस्त्रे आणि धान्य आले, पण स्वीडनची सेना आली नाही. सुमारे पंचवीस हजार माणसे गमावून मार्च १९४० मध्ये तह करावा लागला. देशाची दहा टक्क्यांहून अधिक भूमी गेली, आणि तिच्यावर राहणाऱ्या चार लाखांहून अधिक लोकांनी घरेदारे सोडून उरलेल्या फिनलंडची वाट धरली. आजींना त्या प्रवासातले फारसे आठवत नाही. मालगाडीच्या डब्यातला धूर आठवतो, आणि गाई पायी हाकत नेणारी मोठी बहीण आठवते.

पुढचा भाग त्या अधिक सावकाश सांगतात. १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर स्वारी केली तेव्हा फिनलंड जर्मनीच्या बाजूने पुन्हा युद्धात उतरला, गेलेला प्रदेश त्याने परत घेतला, आणि जुन्या सीमेच्याही पुष्कळ पुढे गेला. हिटलरबरोबरच्या या तीन वर्षांच्या सोबतीविषयी इथले लोक आजही जपून बोलतात, आणि मला वाटते त्यांनी तसेच बोलावे. ती सोबत झाकण्यासारखी नाही. त्या काळात विस्थापितांपैकी अडीच लाखांहून अधिक लोक आपापल्या गावी परतले. आजींच्या वडिलांनी जळालेल्या घराच्या दगडी जोत्यावर नवे घर उभे केले, विहीर उपसली, शेत नांगरले. १९४४ च्या उन्हाळ्यात ते सगळे दुसऱ्यांदा सोडावे लागले, आणि या वेळी कायमचे. इथे घरोघरी न्याहारीला खाल्ली जाणारी, राईच्या पातळ पारीत भाताची खीर भरून केलेली, त्या गमावलेल्या कारेलिया प्रदेशाच्या नावाची कारेलियन पुरचुंडी मी पहिल्यांदा आजींच्या हातचीच खाल्ली. तो पदार्थ आज सगळ्या देशाचा झाला आहे. तो घेऊन आलेल्या माणसांचा प्रदेश मात्र परत आला नाही.

या पराभवानंतर पासिकिवी नावाच्या वृद्ध मुत्सद्द्याकडे देशाची सूत्रे आली. भूगोलापुढे आपला इलाज नाही, हे त्यांचे वचन इथे शाळकरी मुलांनाही माहीत असते. तेराशे चाळीस किलोमीटरची सामाईक सीमा उचलून दुसरीकडे नेता येत नाही. मग शेजाऱ्याला आपल्याकडून धोका वाटणार नाही अशा रीतीने राहायचे आणि त्या बदल्यात आपली लोकशाही, आपली न्यायालये, आपली शेतीवाडी वाचवायची, असा तो हिशेब होता. एप्रिल १९४८ मध्ये सोव्हिएत संघाबरोबर मैत्री, सहकार्य आणि परस्पर साहाय्याचा करार झाला. त्यात तटस्थता हा शब्द कुठेही नाही. महासत्तांच्या संघर्षापासून दूर राहण्याची फिनलंडची इच्छा आहे, एवढे एक वाक्य पासिकिवींच्या माणसांनी प्रस्तावनेत घालून घेतले, आणि पुढची चार दशके या देशाने त्या एका वाक्याच्या आधाराने काढली.

इथे मला माझ्या गावाची आठवण येते आणि ती उगाच येत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी २३ जुलै १९५२ रोजी याच हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. लहानपणी हेलसिंकी हे नाव मी त्यांच्यामुळेच ऐकले होते. इथे आल्यावर त्याच वर्षाची दुसरी बाजू कळली. ते ऑलिंपिक मुळात १९४० मध्ये व्हायचे होते, त्यासाठीचे स्टेडियम १९३८ मध्येच बांधून तयार होते, आणि युद्धाने सगळे थांबवले. १९५२ मध्ये खेळ झाले तेव्हा फिनलंड सोव्हिएत संघाला युद्धाचा दंड भरतच होता: जहाजे, यंत्रे, लाकूड, कागद, आगगाड्या भरभरून. शेवटची गाडी सप्टेंबरात सीमेपलीकडे गेली. म्हणजे खाशाबा पदक घ्यायला उभे होते त्या दिवसांत हा यजमान देश एका हाताने जगाचे स्वागत करत होता आणि दुसऱ्या हाताने दंडाचे हप्ते फेडत होता. हे समजल्यापासून स्टेडियमचा तो पांढरा मनोरा दिसला की मला दोन्ही गोष्टी एकदम आठवतात.

या शांततेची किंमत पैशांतच मोजायची नव्हती. पासिकिवींनंतर केक्कोनेन पंचवीस वर्षे राष्ट्राध्यक्ष राहिले, आणि १९७३ मध्ये तर निवडणूक न घेता खास कायदा करून त्यांची मुदत चार वर्षांनी वाढवण्यात आली. मॉस्कोला कोणता मंत्री चालेल आणि कोणता चालणार नाही याचा विचार सरकार बनवताना होत असे. सोव्हिएत छावण्यांविषयीचे पुस्तक छापायला इथला प्रकाशक कचरला आणि ते फिनिश भाषेत स्वीडनमध्ये छापावे लागले. सीमा ओलांडून पळून आलेल्या माणसांना परत पाठवले गेले. शेजाऱ्याच्या धाकाने आपणच आपल्या तोंडावर हात ठेवायचा, या प्रकारासाठी 'फिनलंडीकरण' हे नाव पश्चिम जर्मनीतल्या राजकीय वादांत रूढ झाले, आणि ते नाव इथल्या लोकांना अजूनही लागते. मलाही ते अन्यायाचे वाटते, कारण ज्यांच्या पाठीशी अमेरिकेचे सैन्य उभे होते त्यांनी ते वापरात आणले होते. पण त्यातले सत्य नाकारता येत नाही. ज्या धोरणाला आम्ही दुरून तटस्थता म्हणत होतो त्याच्या आतल्या माणसांना त्यासाठी कितीतरी गोष्टी गिळाव्या लागल्या होत्या.

आणि तरीही त्या धोरणाने काही फार मोलाचे घडवले, हे मी आग्रहाने सांगेन. १९६९ मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी अण्वस्त्रांवर मर्यादा घालण्याची बोलणी इथे सुरू केली. १ ऑगस्ट १९७५ रोजी पस्तीस देशांनी हेलसिंकीत एका दस्तऐवजावर सह्या केल्या, आणि त्यातल्या मानवी हक्कांच्या कलमांचा आधार घेऊन पुढे पूर्व युरोपातली माणसे आपापल्या सरकारांना जाब विचारू लागली. दोन्हीकडच्यांना ज्याच्या घरी बसता येईल असे एक घर जगाला लागते. फिनलंड ते घर होता.

सोव्हिएत संघ गेला, १९४८ चा करार १९९२ मध्ये संपला, १९९५ मध्ये फिनलंड युरोपीय संघात आला. नाटो या पाश्चात्त्य देशांच्या लष्करी संघटनेत मात्र गेला नाही. सक्तीची लष्करी सेवा चालू राहिली, लाखो माणसांचे राखीव दल राहिले, तळघरे राहिली. धोरणात एकच वाक्य ठेवले होते: गरज वाटली तर नाटोत जाण्याचा पर्याय आमच्यापाशी आहे. दार उघडे आहे, आत जायचे की नाही ते आम्ही ठरवू. तीस वर्षे जनमत चाचण्यांत नाटोत जावे म्हणणारे वीस-पंचवीस टक्क्यांच्या आसपासच राहिले. लोकांना दारातून आत जायचे नव्हते, पण दार हवे होते.

म्हणूनच माझ्या मते खरी उलथापालथ २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला त्याच्या आधीच सुरू झाली होती. डिसेंबर २०२१ मध्ये रशियाने लेखी मागणी केली की नाटोने यापुढे कोणालाही आत घेऊ नये. पश्चिमेकडे ही मागणी युक्रेनविषयीची म्हणून वाचली गेली. इथे ती आपल्या दाराविषयीची म्हणून वाचली गेली. १ जानेवारीच्या भाषणात राष्ट्राध्यक्ष नीनिस्टो यांनी शांतपणे सांगितले की फिनलंडच्या निवडीच्या स्वातंत्र्यात नाटोकडे अर्ज करण्याची शक्यताही येते. तरीसुद्धा त्याच महिन्यात पंतप्रधान सना मारीन यांनी आपल्या कारकिर्दीत असा अर्ज होणे फारच असंभव असल्याचे म्हटले होते, आणि त्या तसे मनापासून म्हणत होत्या याविषयी मला शंका नाही. स्वतः पत्करलेली तटस्थता आणि दुसऱ्याने बजावलेली तटस्थता बाहेरून सारखीच दिसते. पहिली या लोकांनी मोठ्या कष्टाने, इंचाइंचाने कमावली होती. दुसरीचा अनुभव त्यांच्या आईवडिलांनी घेतलेला होता.

मग युक्रेनवर हल्ला झाला, आणि कोणत्याही लष्करी संघटनेत नसलेल्या देशावर मोठा शेजारी एकटा गाठून कसा चालून येतो, हे सगळ्यांनी दूरदर्शनवर पाहिले. महिना संपायच्या आत नाटोच्या बाजूने ५३ टक्के लोक होते. मे महिन्यात ७६ टक्के. मी त्या आठवड्यांत इथे होते आणि मला आठवतो तो उन्माद नव्हे, तर एक विलक्षण शांतता. नाटोसाठी निघालेले मोर्चे मला कुठे दिसले नाहीत. कार्यालयातले सहकारी दुपारच्या जेवणाच्या वेळी आपण राखीव दलात कोणत्या तुकडीत आहोत ते एकमेकांना सांगू लागले. इतकी वर्षे शेजारी बसून मला ते माहीत नव्हते. आमच्या सोसायटीने तळघर झाडून घेतले आणि हवा गाळणाऱ्या यंत्राची चाचणी केली. मी आमच्या सायकली वर आणल्या.

त्या वसंतात मी आजींना विचारले, तुम्हाला काय वाटते? त्यांनी आयुष्यभर केक्कोनेनना मानले होते. त्या खूप वेळ कॉफी ढवळत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे बरोबर आहे, पण हे चांगले नाही." मी अधिक विचारले नाही. पुढच्या दोन वर्षांत या विषयावर पुष्कळ वाचले, पण या एका वाक्याइतके नेमके दुसरे काही मला सापडले नाही.

१२ मे रोजी राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान यांनी संयुक्त निवेदन काढले. १४ मे रोजी नीनिस्टो यांनी पुतिन यांना स्वतः फोन करून निर्णय सांगितला. ही गोष्ट मला या सगळ्या घडामोडींतली सर्वांत फिनिश गोष्ट वाटते: ज्याच्या भीतीने दार बंद करायचे त्यालाही ते तोंडावर सांगायचे. १७ मे रोजी दोनशे सदस्यांच्या संसदेत १८८ मते अर्जाच्या बाजूने पडली आणि आठ विरोधात. १८१४ पासून युद्ध न केलेल्या स्वीडननेही बरोबरच अर्ज केला. सार्वमत घेतले नाही, आणि याची रुखरुख मला वाटते. निकाल वेगळा लागला असता असे नाही. पण सत्तर वर्षांची सवय मोडताना प्रत्येकाच्या हातात एकदा मतपत्रिका यायला हवी होती. त्या आठ जणांविषयीही मला आदर आहे. एवढ्या एकमताच्या सभागृहात उभे राहून नाही म्हणायला बळ लागते, आणि त्यांनी मांडलेल्या शंका पोकळ नव्हत्या.

त्यातल्या काही तर लगेच समोर आल्या. तुर्कस्तानने प्रवेश अडवून धरला, आणि जूनमध्ये माद्रिदला त्याच्याशी समझोता करताना दहशतवादविरोधी सहकार्य आणि प्रत्यार्पणाच्या मुद्द्यांवर आश्वासने द्यावी लागली. आश्रयाला आलेल्या कुर्द लोकांच्या मनात त्या महिन्यांत काय चालले असेल, याचा विचार मला अजून अस्वस्थ करतो. पुढे अमेरिकेबरोबर स्वतंत्र संरक्षण करार झाला आणि इथले पंधरा तळ त्यांच्या सैन्याला वापरता येतील असे ठरले. त्यानंतर, सैनिकासाठी पुरलेला सुरुंग शेतकऱ्याचा आणि लेकराचाही पाय नेतो म्हणून ज्या करारात फिनलंड सामील झाला होता, त्या भूसुरुंगबंदीच्या करारातून बाहेर पडण्याचा निर्णय २०२५ मध्ये संसदेने घेतला. एक दार ओलांडले की पुढची दारे आपोआप उघडत जातात. मी या देशाच्या नाटोप्रवेशाला मनापासून पाठिंबा दिला होता आणि आजही देते. पण सुरुंगांच्या त्या बातमीने मी रात्रभर झोपले नाही.

४ एप्रिल २०२३ रोजी फिनलंड नाटोचा एकतिसावा सदस्य झाला. दोनच दिवसांपूर्वी संसदेची निवडणूक झाली होती, आणि तिच्या प्रचारात नाटो हा वादाचा मुद्दाच नव्हता. लोक कर्जावर, आरोग्यसेवेवर, शाळांवर भांडत होते. एवढा मोठा बदल इतक्या लवकर घरचा झाला होता. त्याच वर्षाच्या अखेरीस, रशिया तिसऱ्याच देशांतल्या आश्रयार्थींना मुद्दाम सीमेवर पाठवत आहे असे सांगून, सरकारने पूर्वेकडचे सगळे रस्ते बंद केले. ते अजून बंद आहेत. आजी नव्वदच्या दशकात, सीमा सैल झाल्यावर, इतर विस्थापितांबरोबर बसने आपल्या गावी जाऊन आल्या होत्या. घर नव्हते, दगडी जोते होते आणि त्याच्या कोपऱ्याशी आईने लावलेले लायलॅकचे झुडूप होते. त्यानंतर त्या दर दोन-तीन वर्षांनी जात. आता जाता येत नाही.

मुलाने शरद ऋतूतल्या बोलावण्याला हजेरी लावली. नागरी सेवेचा पर्याय असतो, तो त्याने घेतला नाही. का, ते त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. १६५ दिवस, २५५ दिवस किंवा ३४७ दिवस अशी सेवेची मुदत असते. त्याची तुकडी २०२५ च्या जुलैत सुरू झाली. काही आठवड्यांनी शपथविधी होता, आणि तिथे घरच्यांना बोलावतात. ढगाळ दिवस होता. मैदानावर हिरव्या गणवेशातली शेकडो मुले एका सुरात शपथ म्हणत होती, आणि त्यांच्यात माझा मुलगा कुठला हे मला शेवटपर्यंत ओळखता आले नाही. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या फिनिश बाईने काही न बोलता स्वतःची दुर्बीण माझ्या हातात दिली.

तिथूनच मी आईला फोन लावून मैदान दाखवले. तिने डोळ्यांवर चष्मा चढवून पडद्याजवळ तोंड आणले आणि विचारले, "ह्यातला आपला कुठला?"

"शोधतेय आई," मी म्हणाले, आणि दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली.